दर उन्हाळ्यात दुपारी आपोआप बंद पडणारा कॉम्प्युटर: फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

आमच्या घरच्या कॉम्प्युटरने मला सलग दोन उन्हाळे रडवलं. दुपारी काम करता करता स्क्रीन एकदम काळी व्हायची, पंख्याचा आवाज थांबायचा आणि भरत असलेलं व्हाउचर (हिशेबाची नोंद) जायचं. निळी स्क्रीन नाही, कसली सूचना नाही. बटण दाबलं की चालू व्हायचा आणि पाच-सात मिनिटांत पुन्हा बंद. इतर वेळी बंद पडत नसे, पण इतका स्लो झाला होता की सकाळी बटण दाबून मी चहा टाकायची, आणि चहा पिऊन झाला तरी हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली उघडलेलं नसायचं.

मी सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला राहते. चार हळद व्यापाऱ्यांचे आणि दोन किराणा दुकानदारांचे हिशेब घरीच लिहिते. मार्च महिन्यात वर्षअखेर आणि हळदीच्या सौद्यांचा भर हे दोन्ही एकदम येतं, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर दगा द्यायचा. दुकानात नेला की तिथला मुलगा म्हणायचा, "ताई, व्हायरस असणार. फॉरमॅट मारावा लागेल." चौदा महिन्यांत तीनदा फॉरमॅट मारून घेतला, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकून घेतलं. तिसऱ्या वेळी डेस्कटॉपवरचं एक फोल्डर कॉपी करायचं राहून गेलं आणि एका व्यापाऱ्याच्या दोन महिन्यांच्या नोंदी गेल्या. कागदी पावत्या समोर ठेवून त्या पुन्हा भरताना आठ रात्री गेल्या. ती वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

कारण सापडलं ते माझ्याच रोजकीर्दीत. कॉम्प्युटर बंद पडला की जे व्हाउचर पुन्हा भरावं लागे, त्याच्यापुढे मी पेन्सिलीने फुली आणि वेळ टाकायची. एका रविवारी सगळ्या फुल्या एकत्र बघितल्या. २.४०, ३.१५, २.५५, ४.०५, पुन्हा २.३०. रात्री नऊनंतर एकही फुली नाही. वळवाचा पाऊस पडून गेला होता ते दोन दिवस कोरे. व्हायरस काही ऊन बघून येत नाही. दोष उष्णतेचा होता.

मग फॉरमॅट मारल्यावर पाच-सहा आठवडे कॉम्प्युटर नीट कसा चालायचा? याचा मी बराच विचार केला. फॉरमॅटनंतर मागे चालणारे प्रोग्रॅम कमी असतात, त्यामुळे प्रोसेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपवर, ताण कमी येतो आणि तो कमी तापतो. हळूहळू प्रोग्रॅम वाढतात, ताण वाढतो, आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे असतं. शिवाय माझा एक फॉरमॅट जूनमध्ये झाला होता. त्यानंतरच्या पावसाळ्याने आणि थंडीने दोष झाकून ठेवला, आणि फॉरमॅटमुळेच बरं झालं असं मी समजत राहिले.

म्हणून पहिलं सांगणं असं, की आठवडाभर वेळ लिहा. कधी बंद पडला, किती वेळ चालू होता, त्या क्षणी काय चाललं होतं आणि घरात लाइट फडफडली होती का, एवढं पुरतं. अर्धा-पाऊण तास चालून बंद पडत असेल, त्याआधी पंख्याचा आवाज चढत असेल आणि लगेच चालू केला तर आधीपेक्षा लवकर बंद पडत असेल, तर संशय उष्णतेवर घ्या. फ्रीज किंवा पाण्याची मोटर चालू होताक्षणी बंद पडत असेल तर वीज, यूपीएस (लाइट गेल्यावर बॅटरीवर चालवणारा डबा) किंवा एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या आतला वीज पुरवणारा डबा) बघा. वेळेचा काही मेळच लागत नसेल आणि निळी स्क्रीन येत असेल तर रॅम (चालू कामाची मेमरी) किंवा हार्ड डिस्क (फाइली साठवणारी). विंडोजही स्वतःची नोंदवही ठेवतं. स्टार्टच्या शोधात 'रिलायबिलिटी हिस्टरी' असं इंग्रजीत टाइप केलं की तारीखवार तक्ता उघडतो आणि बंद पडलेल्या दिवशी लाल फुली दिसते. विंडोजच्याच इव्हेंट व्ह्यूअर या दुसऱ्या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं म्हणून घाबरू नका. कॉम्प्युटर नीट शट डाउन न होता बंद झाला, एवढाच त्याचा अर्थ. का बंद झाला ते त्यातून कळत नाही.

तापमान किती हे अंदाजाने ठरवू नका. 'कोअर टेम्प' किंवा 'एचडब्ल्यू मॉनिटर' यांपैकी एखादा फुकट प्रोग्रॅम त्याच्या मूळ साइटवरूनच घ्या आणि काम करताना आकडा बघा. रिकामा बसलेला प्रोसेसर साधारण ३५ ते ५० अंश सेल्सिअस दाखवतो, कामात असताना ७०-८० पर्यंत जाणं चालतं. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आले की स्वतःचा वेग कमी करतात, आणि तेवढ्याने भागलं नाही तर जळण्याआधी सगळं बंद करतात. म्हणजे स्लो होणं आणि बंद पडणं ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं असू शकतात. माझ्याकडे टॅली आणि ब्राउझर एवढंच उघडं असताना दुपारी तीनला आकडा ९७ होता.

पंखा खोलीतलीच हवा घेतो, त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. थंडीत जो कॉम्प्युटर ८० वर निभावतो, तोच उन्हाळ्यात कडेलोटाला येतो. त्यातून कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य डबा, टेबलाच्या बंद खणात असेल, भिंतीला चिकटलेलं असेल किंवा धूळ बसू नये म्हणून वर कापडी कव्हर घातलेलं असेल, तर तीच गरम हवा आत फिरत राहते. कॉम्प्युटर चालू असताना कव्हर पूर्ण काढायचं, मागे वीतभर जागा सोडायची आणि कॅबिनेट जमिनीवर न ठेवता पाटावर किंवा स्टुलावर ठेवायचं. झाडू मारताना उडणारी धूळ खालच्या वीतभर उंचीतच जास्त असते.

आता कॅबिनेट उघडण्याबद्दल. आधी शट डाउन करा, मागचं बटण बंद करा, वायर काढा, मग पुढचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. सिंथेटिक साडी किंवा स्वेटर घालून, गादीवर किंवा सतरंजीवर बसून हे काम करू नका. अंगावरच्या स्थिर विजेचा आपल्याला पत्ताही लागत नाही, पण तेवढ्याने चिप जाऊ शकते.

पहिल्यांदा डाव्या बाजूचा पत्रा काढला तेव्हा मला वरवर फारसं काही दिसलं नाही. थोडी जळमटं आणि मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर, बारीक धूळ. पण प्रोसेसरवरचा पंखा सोडवून उचलला आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर एक थर दिसला. जुन्या गोधडीतून निघालेल्या कापसासारखा, करड्या रंगाचा, आणि कडेला स्पष्ट पिवळा. बोटाने उचलला तर अख्खा चौकोन सलग हातात आला, आणि त्याला हळदीचा वास होता. आमच्या गल्लीच्या टोकाला हळद पॉलिश करायचे ड्रम फिरतात आणि सीझनमध्ये खिडकीच्या कठड्यावर पिवळी भुकटी बसते, हे मला माहीत होतं. तीच भुकटी पंख्याने वर्षानुवर्षं आत ओढली होती. पंखा फिरत होता, पण त्याची हवा पात्यांमधून पार होतच नव्हती. सांगलीत भागाभागाची धूळ वेगळी आहे. गळीत हंगामात कारखान्याच्या धुराड्याची काळी राख ज्यांच्या गच्चीवर पडते, त्यांच्या कॉम्प्युटरच्या पोटातही ती असणारच.

साफ करायला मऊ, कोरडा रंगाचा ब्रश आणि हातातला ब्लोअर पुरतो. ओला फडका अजिबात नको. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवा. नाहीतर तो हवेने भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं. घरच्या व्हॅक्युम क्लीनरचं तोंड बोर्डाजवळ नेऊ नका, त्याच्या नळीत स्थिर वीज तयार होते. एसएमपीएसचा डबा बाहेरूनच फुंकून साफ करायचा, स्क्रू काढून उघडायचा नाही. वायर काढलेली असली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये झटका बसेल इतकी वीज बराच वेळ राहते. हे सगळं अंगणात किंवा गच्चीवर करा. मी पहिल्यांदा खोलीत केलं आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणं धुवावी लागली.

कॉम्प्युटर चार-पाच वर्षांचा असेल तर थर्मल पेस्टही बघावी लागते. प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये ही पेस्ट लावलेली असते. ती सूक्ष्म फटी भरते आणि उष्णता ठोकळ्याकडे नेते. माझी पेस्ट पानाच्या डबीत वाळून गेलेल्या चुन्यासारखी झाली होती, नखाने तिचा पोपडा निघत होता. ठोकळा काढण्याआधी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून बंद करा, म्हणजे पेस्ट जरा सैल होते. मग वायर काढण्यापासूनची सगळी काळजी पुन्हा घ्यायची. एएमडीचा जुन्या पद्धतीचा, पिना असलेला प्रोसेसर असेल तर ठोकळा सरळ वर ओढू नका. डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा, नाहीतर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून ठोकळ्याबरोबर वर येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने, लिंट (बारीक तंतू) न सोडणाऱ्या कापडाने पुसा आणि नवी वाटाण्याच्या लहान दाण्याएवढीच मधोमध ठेवा. जास्त लावली तर बाहेर ओघळते, फायदा काही होत नाही. इंटेलच्या नेहमीच्या पंख्याला चार खिट्ट्या असतात. त्या एकाच बाजूने न दाबता समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या आणि बोर्डाच्या मागून चारही पूर्ण बसल्यात का ते बघायचं. यातली एक सैल राहिली तरी सगळी मेहनत वाया जाते. हात धजत नसेल तर पेस्टचं काम दुकानात करून घ्या, पण 'पेस्ट बदला' असं सांगून.

मी साफ करून पेस्ट बदलली त्याच दुपारी, त्याच वेळी, तेच काम करताना आकडा ६८ वर थांबला. त्यानंतर आपोआप बंद पडणं संपलं.

स्लो चालणं मात्र अर्धंच सुधारलं. म्हणजे ते दुखणं वेगळं होतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. माझ्या कॉम्प्युटरवर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) १२ टक्के, मेमरी निम्मी आणि डिस्क मात्र १०० टक्के, तीही सकाळी चालू केल्यापासून वीस मिनिटं. जुनी हार्ड डिस्क फिरत्या तबकडीवर लिहिते आणि तिच्या सुईला एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला वेळ लागतो. आजचं विंडोज एकाच वेळी शेकडो बारीक फाइली मागतं, आणि सुई धावत राहते. एसएसडी ही चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही. सलग वाचनातही फिरती डिस्क सेकंदाला १००-१५० एमबीच्या आसपास देते आणि साधी (साटा जोडणीची) एसएसडी ५०० च्या आसपास. बारीक फाइलींच्या बाबतीत फरक याच्याही कितीतरी पट आहे. जुन्या कॉम्प्युटरवर खर्च करायला एकाच गोष्टीचे पैसे असतील तर ते एसएसडीवर घाला, असं माझं ठाम मत झालं आहे. माझा कॉम्प्युटर आता अर्ध्या मिनिटात चालू होतो.

एसएसडी घेण्याआधी जुनी डिस्क मरायला तर टेकली नाही ना, ते बघून घ्या. 'क्रिस्टल डिस्क इन्फो' हा फुकट प्रोग्रॅम डिस्कची तब्येत रंगात दाखवतो. निळा म्हणजे ठीक. पिवळा दिसला तर त्याच दिवशी डेटा दुसरीकडे हलवा, लाल होण्याची वाट बघू नका. टकटक आवाज येत असेल तर प्रोग्रॅम चालवत बसण्यातही अर्थ नाही, आधी कॉपी करा. आणि एसएसडीला डीफ्रॅगच्या (विखुरलेल्या फाइली सलग लावण्याच्या) वेगळ्या प्रोग्रॅमची गरज नसते. विंडोज तिची काळजी स्वतः घेतं, उगाच डीफ्रॅग करून तिची झीजच होते.

टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' नावाचा भाग आहे. तिथे माझ्याकडे एकोणीस प्रोग्रॅम होते. कधीकाळी वापरलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, दोन मीटिंगची ॲप्स, एक गाण्यांचं. अँटीव्हायरस, आवाज आणि टचपॅडचं सोडून बाकी बंद केलं तरी काही बिघडत नाही, हवं तेव्हा ते हाताने उघडता येतं. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर घरच्या वापराला पुरेसा आहे, फक्त अपडेट होऊ द्या. सी ड्राइव्हवर निदान पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा. सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज'मध्ये जाऊन तात्पुरत्या फाइली काढता येतात, पण तिथे 'डाउनलोड्स'समोरची खूण बघूनच पुढे जा. व्यापाऱ्यांनी मेलवर पाठवलेली बिलं तिथेच पडलेली असतात.

आणखी एक बारीक गोष्ट. रोज शट डाउन करूनही विंडोज पूर्ण ताजंतवानं होत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ते आतला काही भाग जपून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं. आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' करा. तेव्हाच सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

कधी कधी दुखणं फारच छोटं असतं. माझ्या जावेचा कॉम्प्युटर चालू व्हायचा, पण जीएसटीचं पोर्टल उघडायचं नाही, मेल उघडायचा नाही, सगळीकडे 'कनेक्शन सुरक्षित नाही'. इंटरनेटवाल्याला दोनदा बोलावून झालं. खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं तर तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी चपटी बॅटरी असते, सीआर २०३२, ३ व्होल्टची. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. ती संपली की तारीख मागे जाते आणि साइटची प्रमाणपत्रं चुकीची वाटायला लागतात. घड्याळाच्या दुकानात मिळते, बदलायला दोन मिनिटं लागतात.

पावसाळ्यात येणारी तक्रार निराळी. पंखा फिरतो, स्क्रीनवर काही नाही, आतून बीप वाजत राहतो. बरेचदा रॅमचा संपर्क बिघडलेला असतो. वायर काढून, पत्र्याला हात लावून, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सोडून रॅमची पट्टी बाहेर काढा. तिच्या सोनेरी दातांवरून पांढरा, मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका, आणि 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवा. सँडपेपर किंवा चाकू लावू नका, सोनेरी मुलामा निघून जातो. कॉम्प्युटर महिनाभर वापरायचा नसला तरी जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवसांआड अर्धा तास चालू ठेवा, आतली दमट हवा सुकते.

विजेकडे लोक सगळ्यात शेवटी बघतात. गावभागातल्या जुन्या वाड्यांमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची वायरच नसते. अनवाणी पायांनी कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर कॉम्प्युटर वापरणं थांबवा आणि वायरमनकडून अर्थिंग करून घ्या. हे घरातल्या पोराबाळांच्या जिवाशी जोडलेलं आहे, कॉम्प्युटर दुय्यम. यूपीएसमधली बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. हिरवा दिवा लागतोय म्हणून ती चांगली आहे असं समजू नका. कॉम्प्युटर काढून ठेवा, यूपीएसला टेबल लॅम्प लावा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. लॅम्प लगेच गेला तर बॅटरी बदला. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, त्याचा सुरुवातीचा ओढा फार मोठा असतो.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे तो कॉम्प्युटर बंद पडेल असं नाही, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट आता येत नाहीत. बँकेचे आणि कराचे व्यवहार ज्यावर होतात त्याला हे चालणारं नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. बसत असेल तर बदलून घ्या.

बॅकअपबद्दल मी कितीही लिहिलं तरी कमीच. रोज संध्याकाळी काम संपलं की टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर, दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. आणि ती डिस्क त्याच कपाटात ठेवायची नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती चौकातल्या दुकानात माझ्या दिरांचा कॉम्प्युटर आणि त्याचा बॅकअप दोन्ही एकाच टेबलाच्या खणात होते, आणि कृष्णेच्या पाण्याने दोन्ही नेले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फुटांना आहे आणि धोका पातळी ४५ फुटांना. ४० चा आकडा कानावर आला की मी कॅबिनेट माळ्यावर चढवते. माझी एक डिस्क विट्याला माहेरी असते. महिन्यातून एकदा जाते तेव्हा बदलून आणते. डिस्क पुराच्या पाण्यात भिजलीच तर वाळवून चालू करून बघण्याचा मोह आवरा. गाळ आत असताना वीज दिली की उरलेली आशाही जाते. तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

दुकानात न्यायची वेळ आली तर आधी स्वतःचा बॅकअप काढा. काय होतं, कधी होतं, तापमान किती, डिस्कचा रंग कोणता, हे चार ओळींत कागदावर लिहून द्या. बहुतेक कारागीर मनापासून काम करणारे असतात, पण 'बिघडलाय, बघा' एवढंच सांगितलं तर त्यांच्यापुढेही फॉरमॅटशिवाय झटपट मार्ग नसतो. माझ्या कॅबिनेटच्या पत्र्यावर आता एक कागद पारदर्शक टेपने चिकटवलेला आहे. वरच्या ओळीत मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये'. खाली साफसफाईच्या तारखा, हळदीच्या सीझनआधी एक आणि सीझन सरल्यावर एक, आणि प्रत्येक तारखेपुढे दुपारी तीनचं तापमान.